घटक ४ : ऋतुवर्णन – उत्तरेचा वसंत आणि आपले ऊन

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• ऋतुवर्णनातील संकेत आणि निरीक्षण यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• 'ऊन' आणि 'सावली' या शब्दांना मराठीत मिळालेल्या अर्थच्छटा सांगता येतील.
• हिमालयाच्या परिसरातील वसंत आणि बारामती-इंदापूर परिसरातील वसंत यांची तुलना करता येईल.
• परक्या प्रदेशाच्या निसर्गाचे वर्णन करताना लेखकाने कोणती दक्षता घ्यावी, हे सांगता येईल.
• स्वतःच्या परिसराचे छोटे ऋतुवर्णन लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन वाचताना आपल्याला दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे न पाहिलेला प्रदेश आणि दुसरी म्हणजे तो प्रदेश पाहणारे मन. या घटकात आपण प्रवासवर्णनातील एका लहानशा पण महत्त्वाच्या भागाचा, म्हणजे ऋतुवर्णनाचा विचार करणार आहोत. त्यासाठी एकच विषय निवडला आहे : उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात वसंत येतो तेव्हाचे निसर्गदर्शन आणि तेथील उन्हाचा आनंद.

तुमच्यापैकी काही जण बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. काही जण इंदापूर तालुक्यात शेती किंवा दुधाचा व्यवसाय सांभाळत असतील. काहींनी हिमालय प्रत्यक्ष पाहिला असेल, तर बहुतेकांनी तो दिनदर्शिकेवरील चित्रांत आणि चित्रपटांत पाहिला असेल. या विषयाकडे पाहण्याच्या या दोन्ही जागा आपल्याला उपयोगी आहेत.

आता पुढील साधे वाक्य वाचा : 'त्या दिवशी फार सुंदर ऊन पडले होते.' हे वाक्य मार्च महिन्यातील श्रीनगरविषयी असेल तर त्यात खटकण्यासारखे काही नाही. तेच वाक्य मे महिन्यातील बारामतीविषयी असेल, तर वाचक थबकेल. कदाचित लेखक थट्टा करीत आहे, असेही त्याला वाटेल. शब्द तेच, व्याकरण तेच, तरी अर्थ पालटला. असे का होते, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ऋतुवर्णन : संकेत आणि निरीक्षण

संस्कृत काव्यशास्त्रात महाकाव्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत ऋतुवर्णनाला स्थान आहे. दंडीने 'काव्यादर्श' या ग्रंथात नगर, सागर, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय इत्यादींच्या वर्णनांनी महाकाव्य अलंकृत असावे, असे म्हटले आहे. कालिदासाचे 'ऋतुसंहार' हे काव्य तर सहा ऋतूंच्या वर्णनासाठीच रचलेले आहे. ते ग्रीष्मापासून सुरू होते आणि वसंताशी येऊन संपते.

या परंपरेतून वसंताचे एक ठरावीक चित्र तयार झाले. आंब्याला मोहर, कोकिळेचे कूजन, अशोकाचा बहर, भ्रमरांचा गुंजारव आणि दक्षिणेकडून येणारा मंद वारा ही त्या चित्रातील नेहमीची सामग्री होय. अशा ठरून गेलेल्या सामग्रीला आपण 'संकेत' म्हणतो. संकेत म्हणजे दोष नव्हे. तो कवी आणि रसिक यांच्यातील करार असतो. मोहर म्हटले की वसंत, हे रसिकाला वेगळे सांगावे लागत नाही.

'कुमारसंभव' या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात हिमालयात अकाली अवतरलेल्या वसंताचे वर्णन आहे. तेथे अशोक, आंबा, कर्णिकार, पळस हे वृक्ष फुललेले दिसतात. हे वृक्ष प्रामुख्याने मैदानी आणि पायथ्याच्या उष्ण प्रदेशातील आहेत. उंच पर्वतावरील वसंताची झाडे वेगळी असतात. कालिदासाच्या काव्यात हा वसंत मदनाच्या साहाय्यासाठी आलेला, म्हणजे मुळातच अलौकिक आहे. त्यामुळे तेथे हे वृक्ष फुलणे कथेशी विसंगत ठरत नाही. मात्र आजचा प्रवासवर्णनकार जेव्हा हीच सामग्री उचलून काश्मीरच्या वर्णनात ठेवतो, तेव्हा त्याच्यापाशी कालिदासाचे ते कारण नसते. त्याने पाहिलेले झाड कागदावर येत नाही आणि वाचलेले झाड येते.

संकेताच्या विरुद्ध टोकाला निरीक्षण असते. मराठीत या दृष्टीने दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक महत्त्वाचे मानले जाते. त्यात महिन्यामागून महिना घेऊन निसर्गातील बदल टिपलेले आहेत. लेखिका संस्कृत काव्याच्या आणि लोकसाहित्याच्या जाणकार होत्या. तरी त्यांच्या वर्णनात झाडाचे पान, त्याचा रंग, फुलाचा वास आणि पाखराची हालचाल ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. परंपरा माहीत असणे आणि परंपरेच्या डोळ्यांनी पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पुस्तकावरून लक्षात येते.

४.२.२ 'ऊन' : एका शब्दाचा अर्थविस्तार

'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण' या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला आहे. म्हणूनच तो नामही आहे आणि विशेषणही. 'ऊन पडले' असे आपण म्हणतो, तसेच 'ऊन पाणी', 'ऊन भात' असेही म्हणतो. मराठीतील उन्हाच्या मुळाशी उष्णता आहे. प्रकाशाची जाणीव त्यामागून येते.

आता उन्हाशी संबंधित शब्दप्रयोग पाहा. ऊन लागते, ऊन बाधते, उन्हाच्या झळा येतात, उन्हाची तलखी होते. माणूस उन्हातान्हात राबतो. दुपार टळटळीत असते आणि ऊन रणरणते. आपल्याला एखाद्यापेक्षा अधिक अनुभव आहे हे सांगताना आपण 'चार उन्हाळे-पावसाळे जास्त पाहिले आहेत' असे म्हणतो. म्हणजे आयुष्याचे मापही आपण उन्हाळ्यांनी आणि पावसाळ्यांनी करतो. याउलट 'सावली' हा शब्द मायेचा आहे. मोठ्यांची सावली डोक्यावर असते, कोणी कोणाच्या सावलीत वाढते. पोरके होणे म्हणजे सावली हरपणे. मराठीत संरक्षण आणि जिव्हाळा यांचे रूप सावलीचे आहे, आणि कष्टाचे रूप उन्हाचे आहे.

याला अपवाद आहेत. 'कोवळे ऊन' सुखाचे असते. हिवाळ्यात आपण 'ऊन खात' बसतो. श्रावणातील ऊन-पावसाचा खेळ आपल्याला आवडतो. परंतु या प्रत्येक प्रयोगात उन्हाला एखादे विशेषण, एखादा ऋतू किंवा पावसाची सोबत जोडावी लागते, हे ध्यानात घ्या. एकटे 'ऊन' मराठीत सहसा सुखाचे नसते.

इंग्रजीसारख्या थंड प्रदेशातील भाषेत उन्हाचा दिवस हाच आनंदाचा दिवस असतो. आनंदी स्वभावाच्या माणसालाही तेथे उन्हाचे विशेषण लावतात. ते विशेषण आपण मराठीत शब्दशः आणले, तर तो माणूस तापट आहे असे वाटेल. भाषेतील ही भिन्नता आपोआप निर्माण झालेली नाही. ती ज्या हवेत घडली, ती हवा आता आपण पाहू.

४.२.३ उत्तरेकडील वसंताचे आगमन

काश्मीरच्या खोऱ्यात कडाक्याच्या थंडीचे तीन टप्पे मानतात. २१ डिसेंबरच्या सुमारास चाळीस दिवसांचा 'चिल्ला-ए-कलान' सुरू होतो. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्ला-ए-खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्ला-ए-बच्चा' येतो. असे सत्तर दिवस लोक हिमाशी झगडतात. अंगात लांब फेरन, त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी आणि घरात कोंडलेली ऊब, असे ते दिवस असतात. डिसेंबरअखेरीस श्रीनगरचा दिवस दहा तासांहूनही किंचित लहान असतो.

मार्चच्या मध्यापासून 'सोंथ' सुरू होतो. सोंथ म्हणजे काश्मिरी वसंत. पाने फुटण्यापूर्वीच बदामाची झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतात. श्रीनगरच्या बदामवारी या बागेत ती पाहण्यासाठी लोक जमतात. मार्चअखेर ते एप्रिल या काळात दल सरोवराजवळ झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेले ट्यूलिपचे उद्यान खुले होते. कारण एकच : ऊन परतले आहे. तेथील माणूस उन्हात बसतो तेव्हा तो काही मिळवीत असतो.

गढवाल आणि कुमाऊं या भागांत चैत्र संक्रांतीला, म्हणजे मार्चच्या मध्याला, 'फूलदेई' हा सण असतो. लहान मुले पहाटे रानातील फुले वेचतात आणि घरोघरच्या उंबरठ्यावर ठेवतात. त्या घरांतून मुलांना तांदूळ, गूळ, पैसे मिळतात. याच काळात डोंगरउतारांवर बुरांशाची लाल फुले दिसू लागतात. बुरांश हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष आहे.

डोंगरावरील वसंताचा आणखी एक विशेष आहे. तो एका दिवशी सर्वत्र येत नाही. उंची वाढते तशी हवा थंड होते. साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस एवढा हा फरक असतो. म्हणून बुरांश प्रथम खालच्या उतारांवर फुलतो आणि नंतर वर चढत जातो. खाली फुले गळू लागतात, तेव्हा वर कळ्या असतात, आणि त्याहून वर अजून बर्फ असते. एका दिवसाच्या पायवाटेत प्रवाशाला तीन ऋतू भेटू शकतात. मैदानात वसंत ही तिथी आहे. डोंगरावर ती एक रेषा आहे आणि ती दररोज थोडी वर सरकते.

मराठी माणसाला हिमालय नवा नाही. बदरी-केदारच्या यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वैशाखात अक्षय्य तृतीयेस गंगोत्री-यमुनोत्रीची कवाडे उघडतात, आणि यात्रेकरूंची वाट मोकळी होते. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी १९१२ साली हिमालयात पायी प्रवास केला आणि पुढे त्याचे वर्णन गुजरातीत लिहिले. जुना यात्रेकरू पुण्यासाठी जात असे. डोंगर आणि ऊन हे त्याच्या वाटेवरचे सोबती होते. केवळ डोंगर पाहावा आणि उन्हात बसावे म्हणून जाणे, ही प्रवासाची तुलनेने नवी प्रेरणा आहे. म्हणून तिची भाषाही आपल्याला नव्याने घडवावी लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
१) 'ऋतुसंहार' या काव्याचा आरंभ ______ ऋतूच्या वर्णनाने होतो.
२) 'ऊन' हा शब्द संस्कृत ______ या शब्दापासून आला आहे.
३) काश्मिरी भाषेत वसंताला ______ म्हणतात.
४) फूलदेई या सणात मुले घराच्या ______ फुले ठेवतात.

४.२.४ ऊन आणि पाणी : भिन्नतेचे कारण

बारामती सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर श्रीनगर सुमारे ३४ अंशांवर. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र समान असतात. त्या दिवशी माध्यान्ही सूर्य बारामतीच्या क्षितिजापासून सुमारे ७२ अंश वर असतो. श्रीनगरात तो सुमारे ५६ अंशच वर येतो. एक मीटर लांबीची काठी उभी केली, तर तिची सावली बारामतीत सुमारे ३३ सेंटिमीटर पडेल आणि श्रीनगरात सुमारे ६८ सेंटिमीटर. सूर्य तोच, दिवस तोच. पण तेथे ऊन तिरपे पडते आणि त्याच किरणांची ऊब अधिक जमिनीवर वाटली जाते. त्यात श्रीनगर सुमारे १६०० मीटर उंचीवर, तर बारामती सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. पुढे मे महिन्याच्या मध्याला बारामतीत सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या श्रीनगरात असा दिवस कधीच येत नाही. आपल्या भाषेत सावलीला एवढे मोल का आले, याचे एक उत्तर या भूगोलात आहे.

दुसरे उत्तर पाण्यात आहे. हिमालयातील नद्यांना पावसाबरोबरच बर्फाचेही पाणी मिळते. वसंतात ऊन वाढते, बर्फ वितळते, ओढे खळाळू लागतात आणि झेलमसारख्या नदीची पातळी चढते. सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांना हिमाचा साठा नाही. कऱ्हा, नीरा, भीमा या नद्या पावसावर जगतात. बारामती-इंदापूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बारामतीला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर. होळीनंतर ऊन वाढते तशी विहिरीची पातळी खाली जाते, उजनीच्या जलाशयाचा काठ मागे सरतो आणि नीरा डाव्या कालव्याच्या पुढच्या आवर्तनाची चौकशी गावोगाव सुरू होते.

तात्पर्य, हिमालयात ऊन पाणी आणते आणि आपल्याकडे ऊन पाणी नेते. दोन्हीकडच्या माणसांच्या उन्हाविषयीच्या भावना या एका व्यवहारातून घडल्या आहेत. हे समजून घेतले म्हणजे 'सुंदर ऊन' हे शब्द एका ठिकाणी सहज का वाटतात आणि दुसऱ्या ठिकाणी का खटकतात, ते कळते.

४.२.५ बारामती-इंदापूर परिसरातील वसंत

यावरून आपल्याकडे वसंत नाहीच, असा निष्कर्ष काढू नका. तो आहे, पण तो पुस्तकातील वसंतासारखा दिसत नाही, म्हणून पुष्कळदा नजरेतून निसटतो.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो आणि कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो. त्याच तिथीला काश्मिरी पंडितांचे नववर्ष 'नवरेह' असते. आदल्या रात्री तांदूळ, अक्रोड, दही, फुले, लेखणी-दौत, आरसा आणि नवे पंचांग यांनी सजवलेले ताट ठेवतात आणि पहाटे उठताच प्रथम त्याचे दर्शन घेतात. तिथी एकच, तेथे बदाम फुललेला असतो आणि येथे कडुनिंबाला तांबूस पालवी व बारीक पांढरा मोहर येत असतो. तेथील माणूस उबेची वाट पाहत असतो. आपण मात्र चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ करून गारव्याची तजवीज करतो. दोन्ही ठिकाणी वसंताचे स्वागतच होते, फक्त मागणे उलट आहे.

पानगळीनंतर निष्पर्ण पळस केशरी होतो, काटेसावर आणि पांगारा लाल होतात. पुढे बहावा पिवळ्या घोसांनी लवतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. मार्चमध्ये तेथील वाळलेल्या पिवळ्या गवतातून चिंकारा चालत असतो. रस्त्यांच्या कडेचा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण वैशाखात त्याच्याइतका रंग दुसऱ्या कोणाचा नसतो. इंदापूर तालुक्यातील पळसदेव या गावाच्या नावातच पळस आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात तेथील जुने पळसनाथाचे मंदिर बुडाले. कडक उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी पुरेसे उतरते, तेव्हा ते मंदिर पुन्हा उघडे पडते. ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी त्या दिवसांतील ऊन काय दाखवते, याचा विचार करून पाहा. अशा उन्हाला 'रणरणते' हे एकच विशेषण पुरणार नाही.

उत्तरेचा वसंत आणि आपला परिसर यांना जोडणारा एक प्रत्यक्ष दुवाही आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागांत उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकादंब नावाचे हंस येतात. पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांमुळे ते ओळखू येतात. लडाख, तिबेट, मंगोलिया येथील उंच प्रदेशांतील सरोवरांकाठी त्यांची वीण होते. लडाखमधील त्सो मोरीरी हे त्यांपैकी एक सरोवर ४५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. आपल्याकडे ऊन तापू लागले की ते उत्तरेकडे निघतात आणि हिमालय ओलांडतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून भिगवणकडे जाणारा रस्ता त्या जलाशयापर्यंत पोहोचतो. मार्चमध्ये ज्या दिवशी तेथील हंसांची जागा रिकामी दिसते, त्या दिवशी दूर उत्तरेत बर्फ विरघळू लागल्याची खूण आपल्या तालुक्यातच मिळालेली असते.

साहित्याच्या इतिहासातही या परिसराच्या वसंताला जागा आहे. श्रीधरस्वामींनी 'शिवलीलामृत' हा ग्रंथ बारामती क्षेत्री शके १६४० च्या फाल्गुन पौर्णिमेस पूर्ण केला. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे बहुतेक आयुष्य बारामतीत गेले आणि त्यांचे देहावसानही चैत्र पौर्णिमेस झाले. ज्या गावात एवढे मोठे वाङ्मय घडले, त्या गावाचे ऊन वर्णनास अयोग्य आहे, असे मानण्याचे कारण नाही.

४.२.६ दोन उताऱ्यांची तुलना

आतापर्यंतच्या विवेचनाचा उपयोग कसा करावा, हे पाहण्यासाठी पुढे दोन नमुना उतारे दिले आहेत. ते याच घटकासाठी तयार केले असून दोहोंचा विषय मार्चमधील श्रीनगर हाच आहे.

उतारा 'अ'
काश्मीर म्हणजे पृथ्वीवरील स्वर्गच! वसंताच्या आगमनाने सृष्टीने जणू हिरवा शालू परिधान केला होता. आम्रवृक्षावर कोकिळा मंजुळ कूजन करीत होती. रंगीबेरंगी फुले वाऱ्यावर डोलत होती. सूर्यनारायण आपल्या सोनेरी किरणांनी हिमशिखरांना न्हाऊ घालीत होता. ते अवर्णनीय दृश्य पाहून आम्ही देहभान विसरलो.

उतारा 'आ'
सकाळी नऊच्या सुमारास खोलीबाहेर आलो, तेव्हा घराचे वयोवृद्ध मालक अंगणातल्या भिंतीला पाठ लावून बसले होते. मी सवयीने सावलीची जागा शोधू लागलो. ते हसले आणि बाजूला सरकून त्यांनी मला उन्हात जागा करून दिली. आमच्याकडे पाहुण्याला सावलीत बसवतात. मी बसलो. पाठ हळूहळू ऊन झाली, पण डोके तापले नाही. समोरच्या बदामाला पान एकही नव्हते, नुसती फुले होती. पलीकडच्या डोंगराचा वरचा भाग पांढरा आणि खालचा मातकट होता. दोहोंमधली रेघ आठवड्यापूर्वी त्या देवदारांच्या खाली होती, असे ते म्हणाले. आभाळ निरभ्र होते, तरी पन्हळीतून पाणी ठिबकत होते. छपरावरचे शेवटचे बर्फ उतरत होते. मला घरची विहीर आठवली. या दिवसांत आम्ही तिच्यात दोर वाढवून सोडतो.

उतारा 'अ' मधील एकही शब्द चुकीचा नाही. तथापि तो लिहिण्यासाठी श्रीनगरला जाण्याची आवश्यकता नव्हती. थंड काश्मीर खोऱ्यात आंबा होत नाही, हे लेखकाच्या लक्षात आले नाही, कारण तो झाडाकडे पाहत नव्हता. 'अवर्णनीय' या शब्दाने तर त्याने वर्णनाची जबाबदारीच टाळली आहे.

उतारा 'आ' मध्ये अलंकार नाहीत. त्यात वेळ आहे, जागा आहे, माणूस आहे आणि एक बदलणारी गोष्ट आहे : सरकत जाणारी बर्फाची रेघ. 'पाठ ऊन झाली' या शब्दांत 'ऊन' चा जुना विशेषणार्थ वापरलेला आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवेदक आपले गाव विसरलेला नाही. सावली शोधण्याची सवय, पाहुणचाराची रीत आणि विहिरीचा दोर या तीन तपशिलांमुळे काश्मीरचे ऊन मराठी वाचकाला खरोखर नवे वाटते. हा उतारा काश्मिरी माणसाने लिहिला असता, तर सावली शोधण्याचा प्रसंग त्यात आला नसता. येथे निरीक्षक कोठून आला आहे, हे वर्णनाचाच भाग झाले आहे.

४.२.७ परक्या ऋतूचा आनंद कसा लिहावा?

वरील तुलनेतून काही सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र : ऋतूचे नाव घेण्यापूर्वी त्याची खूण सांगावी. 'वसंत आला' या विधानाऐवजी काय फुलले, काय वितळले, कोण परतले, हे सांगितले की वाचक ऋतू स्वतः ओळखतो.

दुसरे सूत्र : ठिकाण आणि वेळ निश्चित असावी. डोंगराळ प्रदेशात पाचशे मीटर वर-खाली होताच ऋतू बदलतो, म्हणून उंचीचे भान ठेवावे.

तिसरे सूत्र : झाडे, पक्षी, वस्त्रे, अन्न यांना तेथील लोक ज्या नावांनी ओळखतात, ती नावे विचारून घ्यावीत. बुरांश, कांगडी, फेरन ही नावे वर्णनाला आधार देतात.

चौथे सूत्र : विशेषणांवर क्रियापदांनी मात करावी. 'सुंदर ऊन' पेक्षा ते ऊन काय करते, हे महत्त्वाचे. ते वितळवते, ठिबकवते, माणसांना घराबाहेर काढते.

पाचवे सूत्र : स्वतःच्या परिसराचे ज्ञान सोबत न्यावे. ज्याने आपल्या गावचे ऊन नीट पाहिलेले नाही, त्याला दुसऱ्याच्या उन्हातील वेगळेपण कशाशी ताडून पाहावे, हेच कळत नाही. पहिल्या पाळीला जाताना अंगावर येणारे ऊन आणि दुपारी पाळी सुटल्यावर त्याच रस्त्यावर भेटणारे ऊन यांतील फरक ज्याला शब्दांत मांडता येतो, त्याची झबरवानच्या उन्हासाठीची तयारी झालेली असते.

मित्रहो, प्रौढ विद्यार्थ्यांच्या मनात अनेकदा असा समज असतो की, साहित्य दूरच्या, रम्य प्रदेशांविषयी असते आणि आपला परिसर कोरडा, कामाचा, वर्णनाला अयोग्य असतो. हा समज दोन्ही बाजूंनी हानी करतो. आपला परिसर न लिहिलेला राहतो आणि दूरचा परिसर चुकीचा लिहिला जातो. आनंद घेण्यासाठी उत्तरेला जाता आले तर अवश्य जावे. तोवर तुमच्या घरासमोरचा कडुनिंब या अभ्यासासाठी पुरेसा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) २१ मार्चच्या सुमारास माध्यान्ही सूर्य बारामतीच्या क्षितिजापासून किती अंश वर असतो?
२) पट्टकादंब हे पक्षी कशावरून ओळखता येतात?
३) उतारा 'अ' मधील कोणता तपशील काश्मीरच्या निसर्गाशी विसंगत आहे?
४) उतारा 'आ' मध्ये वसंताची पुढे सरकणारी खूण कोणती?

४.३ सारांश

ऋतुवर्णन संकेत आणि निरीक्षण या दोन आधारांवर उभे असते. संस्कृत परंपरेने वसंताचे एक सर्वपरिचित चित्र दिले. ते आजच्या प्रवासवर्णनात जसेच्या तसे ठेवले, तर पाहिलेला प्रदेश हरवतो. मराठीत ऊन हे कष्टाचे आणि सावली ही मायेची खूण ठरली, कारण हा प्रदेश सूर्याच्या थेट वाटेवर आणि पर्जन्यछायेत आहे. हिमालयाच्या परिसरात दीर्घ हिवाळ्यानंतर परतलेले ऊन बर्फ वितळवून पाणी देते, म्हणून तेथे ते उत्सवाचे कारण होते. सोंथ, नवरेह, फूलदेई, गुढीपाडवा आणि चैत्रगौर ही सर्व एकाच ऋतूची स्वागते असली, तरी त्यांतील अपेक्षा वेगळ्या आहेत. परक्या ऋतूचा आनंद मराठीत उतरवायचा तर निश्चित तपशील, स्थानिक नावे आणि स्वतःच्या परिसराचे भान या तिन्हींची गरज असते.

४.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

संकेत : परंपरेने ठरून गेलेली वर्णनसामग्री.
पर्जन्यछाया : डोंगररांगेमुळे कमी पाऊस मिळणारा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा प्रदेश.
आवर्तन : कालव्यातून ठरावीक काळाने सोडली जाणारी पाण्याची पाळी.
फुगवटा : धरणामुळे नदीपात्रात मागे पसरलेले पाणी.
तलखी : उन्हाने होणारी काहिली.
पन्हळ : छपरावरील पाणी वाहून नेणारी नळी.
निष्पर्ण : पाने गळून गेलेला.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) ग्रीष्म २) उष्ण ३) सोंथ ४) उंबरठ्यावर

प्रश्न – २ : १) सूर्य सुमारे ७२ अंश वर असतो. २) पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांवरून ते ओळखता येतात. ३) आम्रवृक्षावर बसलेल्या कोकिळेचा तपशील विसंगत आहे. ४) डोंगरावर दिवसेंदिवस वर सरकणारी बर्फाची रेघ ही ती खूण होय.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ऋतुवर्णनातील संकेत आणि निरीक्षण यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) 'हिमालयात ऊन पाणी आणते आणि आपल्याकडे ऊन पाणी नेते' या विधानाचे विवेचन करा.
३) उतारा 'अ' आणि उतारा 'आ' यांची भाषिक वैशिष्ट्यांच्या आधारे तुलना करा.
४) टीप लिहा : मराठीतील 'सावली' या शब्दाच्या अर्थच्छटा.

४.७ उपक्रम

१) २१ मार्चच्या सुमारास तुमच्या घराजवळ एक मीटर लांबीची काठी उभी करा. दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळेत तिची सावली मोजा आणि या घटकातील आकड्याशी ताडून पाहा.
२) घर ते कामाचे ठिकाण या वाटेवरील कोणतेही एक झाड निवडा. फाल्गुन ते वैशाख या काळात दर आठवड्याला त्याच्याविषयी दोन ओळी लिहा. शेवटी त्या नोंदींतून दीडशे शब्दांचे ऋतुवर्णन तयार करा. त्यात 'वसंत', 'सुंदर' आणि 'रमणीय' हे तीन शब्द वापरू नका.
३) उत्तरेकडे जाऊन आलेल्या एखाद्या परिचित व्यक्तीला तेथील उन्हाविषयी विचारा. त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा आणि संपर्कसत्रात त्यांवर चर्चा करा.